मधलं बारकं 'इज'

माझं माहेर पाटणच्या वरल्या अंगाला, डोंगरात. पाटणला उतरायचं, तिथनं जीप, आन जीप न्हाई मिळाली तर आपले पाय. आमी चौघी बहिणी, मी तिसरी, तिसरीकडं कोण बघतंय. सातवीपतोर शाळा झाली माझी. इंग्रजी पाचवीपासनं होतं त्या टायमाला, गुरुजी फळ्यावर लिहायचे आन आमी वहीत उतरवायचो, माझं अक्षर चांगलं होतं, गुरुजी म्हणायचे सुरेखाचं अक्षर छापल्यावानी हाय. पण अर्थ कुणी सांगितला न्हाई आन आमी विचारला बी न्हाई. त्यामुळं झालं काय, एबीसीडी येती मला, एकेक अक्षर जोडून वाचते बी, ओळखीचा शब्द आला की तिथं थांबायचं, न्हाई आला की फुडं सरकायचं. असं माझं इंग्रजी. तेवढ्यावरच सगळा घोटाळा झाला बघा ताई, लिहून घ्या.

लग्न करून इकडं आले. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी, भाजीच्या धक्क्यावर, पहाटेचे जातात आन दुपारी येऊन झोपतात, माणूस चांगला हाय, बोलणं कमी. करावे गावात खोली हाय आमची. मी सीवूड्सला शाळेत मावशी म्हणून लागले, झाडलोट, फरशी, बाथरूम, लहान पोरांना बसमधनं उतरवून घ्यायचं. इंग्लिश मीडियमची शाळा, तीन मजली. आन देवाची करणी अशी की आमच्या ऋतुजाचा आरटीईत नंबर लागला तो त्याच शाळेत. पहिल्या दिवशी तिला वर्गात सोडली आन मी बाहेर मॉप घेऊन हुबी, लई रडले, कुणाला सांगू नका. लोकं म्हणायची नशीबवान हाय बाई, पोरगी डोळ्यासमोर. व्हय, डोळ्यासमोर. पण डोळ्यासमोर असली म्हंजी आपली असती असं कुठं हाय?

सहावीपतोर सगळं बरं चाललं होतं. घरी आली की आई हे, आई ते, तोंड बंद न्हाई. सातवीला इंग्रजीला फरहाना मिस आल्या. फरहाना मिस म्हंजी मूळच्या उरणकडच्या, कोकणी मुसलमान, तिकडचीच पिढ्यान्‌पिढ्याची माणसं, आता उलव्याला राहतात, विमानतळ झालंय ना तिथं. वय असंल तीस-बत्तीस. फिका, ओढणीवाला ड्रेस, आवाज असा की वर्गात ओरडावं लागत न्हाई. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलती मेली. मला कधी अगं-तुगं केलं न्हाई, सुरेखामावशी, जरा हा पंखा पुसाल का, असं. वाईट म्हणायला जागा सापडंना, हेच तर माझं दुखणं. वाईट असती तर मी सुखानं झोपले असते.

कारण आमच्या पोरीनं त्या बाईचा ध्यास घेतला. मिस म्हणाली, मिसनं सांगितलं, मिसचा पेन, मिसची पर्स. मी भाकऱ्या थापतीय आन ही वट्ट्याला टेकून मिसपुराण सांगतीय. आधी मी हूं हूं करायचे, मग हूं बी बंद केलं. मी तिला एक वेणी घालायचे, तर म्हणती, मिससारखा क्लिप लाव, मोकळे ठेव. एकदा मिसच्या डब्यातलं सांदण खाऊन आली, तांदळाचं वाफवल्यालं असतं ते, गोडसर, तर आठवडाभर सांदण, सांदण. मी म्हणलं मला काय हात न्हाईत? केलं की. मी म्हणलं, हे तर बसलं की गं दगडासारखं. पोरगी हसली आन म्हणली, आई, तू आत्ता सिमिली बोललीस! मी म्हणलं काय बोलले? तर म्हणती, दगडासारखं म्हणलीस ना, तुलना केलीस, त्याला सिमिली म्हणतात, मिसनं आज शिकवलं. म्हंजी सांदण बी तिचंच आन माझ्या तोंडातलं बोलणं बी तिचंच. ते सांदण मी खाली कुत्र्याला घातलं, त्यानं बी हुंगून सोडलं.

मग ते सिमिलीचं खूळ शिरलं घरात. मी वरांड्यात फरशी पुसायचे तवा ऐकलं हाय ना ते सगळं. मिस सांगत होती, कशाची कशाशी तुलना केली आन मधी लाइक न्हाई तर ॲज आलं की सिमिली. ते न घालता एकदम म्हणलं, हे तेच हाय, तर मेटाफर. निर्जीव वस्तू माणसागत वागली तर पर्सनिफिकेशन. आन मिसनं सांगितलं की घरी जा आन मोठ्या माणसांच्या बोलण्यातनं शोधून आणा. झालं! पोरगी वही-पेन घेऊन माझ्या मागं. मी म्हणलं तो कुकर बोंबलतोय, बंद कर, तर ही नाचायलाच लागली, पर्सनिफिकेशन, पर्सनिफिकेशन! मी म्हणलं तुला हजारदा सांगितलं चप्पल आत आणू नको, तर म्हणती, आई हायपर्बली. मी म्हणलं हायपर मी कुठं झाले गं, गप गुमान बोलतीय की. तिला इतकं हसू आलं की खाली बसली. म्हणली हायपर न्हाई, हायपर्बली, म्हंजी वाढवून बोलणं. मी म्हणलं मग वाढवून काय, हजारदाच सांगितलंय.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. चार दिवस पोरगी माझं तोंड बघत बसायची, आई अजून बोल, अजून बोल. सातवी शिकल्याली बाई मी, माझ्या तोंडातनं इंग्रजीचा अभ्यास निघतोय. पण पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, ही ऐकती ते माझ्यासाठी न्हाई ऐकत. लिहून झालं की वही मिटायची आन म्हणायची, उद्या मिसला दाखवते, मिस खूश होणार. मग माझं डोकंच फिरलं. मी राबायचं, मी बोलायचं, आन माझंच बोलणं उचलून त्या बाईच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं. त्या दिवशीपासनं मी पोरीसमोर बोलणं कमी केलं. विचारलं तर म्हणायचे, मला न्हाई येत काय.

डिसेंबरात गॅदरिंग असतं शाळेत. मिसनं सगळ्यांना एकेका माणसावर लिहायला सांगितलं, पाच अलंकार त्यात आले पायजेत, आन जे सगळ्यात चांगलं ते गॅदरिंगला स्टेजवर वाचायचं आन शाळेच्या मासिकात छापून बी यायचं. ऋतूनं लिहिलं. मी विचारलं कुणावर? तर गालात हसली आन म्हणली सरप्राइज. मी म्हणलं आईला बी? तर म्हणती, मिसनं वाचलंय, मिसला लई आवडलं, तुला गॅदरिंगला कळेल. मिसनं वाचलंय. नऊ महिने वागवली मी, बसमधनं उतरवली मी, ताप आला तर मांडीवर घेऊन बसले मी, आन मिसनं वाचलंय.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूम पुसायला घेतली. टीचर लोकं गेल्याली. मिसच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता आन वरनं तिसरी वही आमची. ओळखली मी, खाकी कव्हर मीच घातलं होतं, लेबल वाकडं चिकटलं होतं म्हणून ऋतू चिडली होती. हात पुसले आन उघडली. पान सापडायला येळ लागला न्हाई, लाल पेनानं चांदणी काढली होती. वर लिहिलं होतं, माय मदर. पहिली ओळ एकेक अक्षर करून वाचली. नो. हे येतं मला. वन, एक. नो वन म्हंजी कुणीच न्हाई, हे पोरं बोलतात, नो वन इन द क्लास. मग लाइक. लाइक तर सगळ्या जगाला म्हाईत हाय, मोबाइलवर अंगठा दाबतात ते, आवडलं. मग माय मदर. नो वन लाइक माय मदर. माझी आई कुणालाच आवडत न्हाई.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली न्हाई. आन त्या ओळीच्या बाजूला लाल अक्षरात मिसनं लिहिलं होतं, व्हेरी ट्रू. ट्रू मला म्हाईत हाय, पेपरात असतं, ट्रू का फॉल्स. व्हेरी ट्रू म्हंजी एकदम खरं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणलं ह्या दोघींनी मिळून हे केलं? स्टेजवर माइकमधी वाचणार, पालक बसल्याले असणार, साहेब, मॅडम, आन मी दारात हुबी असणार मावशीच्या ड्रेसमधी, आन माझी पोरगी सांगणार माझी आई कुणाला आवडत न्हाई, आन ती बाई टाळ्या वाजवणार? फुडलं मी वाचलंच न्हाई. वही पोटाशी धरली, स्टोअरमधी गेले आन फिनेलच्या कॅनच्या मागं, जुन्या गोणपाटाच्या खाली कोंबली. आन उरल्याली फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी कल्लोळ. त्याच दिवशी मासिकाचं सगळं छपाईला जायचं होतं. मिसनं टेबल, कपाट, सगळे ड्रॉवर पालथे घातले. मला बी विचारलं, मावशी, खाकी कव्हरची वही दिसली का? मी म्हणलं न्हाई बाई, मी तुमच्या टेबलाला हात लावत न्हाई. मोठ्या मॅडम मिसला बोलल्या, चारचौघांत, मुलांची वही सांभाळता येत नाही का म्हणून. मिसचं तोंड एवढंसं झालं आन ताई, मला बरं वाटलं. तुमी लिहून घेताय तर हे बी लिहा, मला बरं वाटलं. मग मिस ऋतूला म्हणली, पुन्हा लिही, एक तास आहे, आठवेल तसं लिही. पोरगी बसली, पण तिला लिहिताच येईना, नुसती रडत बसली. मी दारात. मला वाटलं माझ्याकडं येईल. तर ती मिसच्या कुशीत शिरली आन मिसनं आपल्या ओढणीनं तिचं नाक पुसलं. माझ्याकडं फडकं होतं हातात, फरशीचं.

एका मुलाचं आजोबांवरचं लिहिल्यालं गेलं मग. घरी पोरगी जेवली न्हाई. म्हणली, आई, तुझ्यावर लिहिलं होतं मी. मी म्हणलं, असंल. एवढंच. तिनं माझ्याकडं बघितलं आन कूस बदलली.

गॅदरिंगला त्या मुलानं वाचलं, आजोबा सुटात बसले होते, पहिल्या रांगेत, रुमालानं डोळे पुसत होते. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय आन आमची पोरगी खाली मान घालून बोटाची नखं काढतीय. तवा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की जिनं असं वाईट लिहिलंय तिला एवढं दुःख कशाचं? पण तरी बी राग काय जाईना. दुसऱ्या दिवशी गोणपाटाखालनं वही काढली आन सुट्टीच्या टायमाला मिसच्या वर्गात गेले. माफी मागायला न्हाई हां, भांडायला गेले. म्हणलं आज काय ते होऊन जाऊ दे, नोकरी गेली तर गेली.

वही टेबलावर आपटली. म्हणलं, घ्या, मीच घेतली होती. आन तुमाला लाज वाटत न्हाई? पोर लिहितंय आई कुणाला आवडत न्हाई आन तुमी म्हणता एकदम खरं? मी काय वाकडं केलंय तुमचं? माझी एकुलती एक पोरगी हाय ती. तुमचं पोट भरत न्हाई का एवढ्या वर्गावर?

मिस घाबरलीच. तिनं वही उघडली, पान काढलं, वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हसंल. हसली न्हाई. खुर्ची ओढली आन म्हणली, मावशी, बसा. मी म्हणलं मी हुबीच बरी. तर ती हुबी राहिली आन माझं बोट धरलं, आन त्या ओळीवर ठेवलं. म्हणली, हा शब्द कोणता? मी म्हणलं नो. हा? वन. मग तिनं बोट हळूच सरकवलं आन म्हणली, आणि हा? दोन अक्षरं होती. आय आन एस. मी फुडं सरकून गेले होते त्याच्यावरनं. मिस म्हणली, इज. नो वन इज लाइक माय मदर. मधे इज आलं मावशी, मग लाइकचा अर्थ आवडणं नाही. लाइक म्हणजे सारखं. माझ्या आईसारखं कुणीच नाही. सिमिली आहे ही.

ताई, मी बसले. खुर्चीवर न्हाई, तिथंच बाकाच्या कडेला. मिसनं मग फुडलं सगळं वाचून दाखवलं, एक ओळ इंग्रजी आन तिचं मराठी. त्यात होतं, मम्मी मॉप्स ऑन मंडे मॉर्निंग, तीच तीच अक्षरं येतात त्याला बी काय नाव हाय. त्यात होतं माझी आई ही शाळेची घंटा हाय, सगळ्यांच्या आधी येती. हजारदा सांगितलं ते बी होतं. आन मग मिस थांबली. म्हणली, ही ओळ वाचू का? मी म्हणलं वाचा. तिनं मान खाली घालून वाचलं. मी मिसचं नाव काढलं की आईची भाकरी रागावते.

मला वर बघवंना. म्हंजी पोरीला सगळं म्हाईत होतं. मी हूं म्हणायची बंद झाले ते, परातीत जोरजोरात थापते ते. आन ह्या बाईनं ते वाचलं होतं, आन तरी रोज मला सुरेखामावशी म्हणत होती. मिस म्हणली, मी तिला सांगितलं होतं, ही ओळ स्टेजवर वाचू नको, आईला वाईट वाटेल. तर म्हणाली, मग आईला कळणार कसं की मला कळतं? मग मिस पदर सावरल्यागत ओढणी सावरत म्हणली, जूनपासून शिकवते मी, आणि पाचही उदाहरणं तिनं तुमची घेतली, माझं एक नाही. हसून म्हणली, पण मला कळलं की ते काय नुसतं हसणं न्हाई.

मिस म्हणली मी कुणाला सांगणार नाही, मॅडमना मी सांभाळून घेते, पण ऋतुजाला तुम्ही सांगा. मी घरी येऊन सांगितलं. सगळं सांगितलं, फिनेलच्या कॅनसकट. मला वाटलं आदळआपट करंल, ओरडंल. ती दप्तराचा पट्टा गुंडाळत ऐकत होती. लाइकचं सांगितलं तवा बी हसली न्हाई. एवढंच म्हणली, आई, तुला वाटलं मी असं लिहीन?

मी परात ओढली आन भाकऱ्या थापायला घेतल्या, हळू हळू.

आता आठवीला हाय ती. बोलती माझ्याशी, तसं काय न्हाई, जेवती, हसती, वेणी बी घालून घेती कधी कधी. मिसचं नाव आता घरात कमी निघतं, ते मला उलटं टोचतं. मी आता सुट्टीच्या टायमाला मिसकडं दहा मिन्टं बसते, मिसच म्हणली बसा म्हणून, इज, ॲम, आर झालं, बारकं काय सोडायचं न्हाई हे मनावर घेतलंय. लिहिते बी ऋतू अजून, लई लिहिती, अभ्यासाचं न्हाई, तिचं तिचं. एक निळी वही हाय त्याची. पण ती वही घरी येत न्हाई. मिसच्या कपाटात ठेवती ती. काचेचं दार हाय कपाटाला, आन किल्ल्या सगळ्या माझ्याकडंच असतात, सकाळी मीच उघडते, मीच ती काच पुसते. वही समोर दिसती. आता मला वाचता येईल त्यातलं, निम्मं तरी येईल. पण मी हात लावत न्हाई. काच पुसते आन फुडच्या कपाटाकडं जाते.

कधी आपणहून आणून देईल तवा वाचीन. न्हाई दिली तरी लिहू दे तिला, लई लिहू दे, लांब जाऊ दे. त्या मिसचं बी चांगलं होऊ दे, मनापासनं म्हणते. फक्त एकदा, एकदाच ताई, मिसच्या आधी मला दाखव गं पोरी. असं येतंच मनात.